टिपणिसांची बिनसांध्याची गच्ची

बळवंतराव टिपणीस गप्पा मारताना पाहिलेत, असं सांगणारा माणूस दिल्लीच्या मराठी मंडळींत शोधून सापडला नसता. गणपतीचा मांडव असो की कुणाची मुंज, हा माणूस भिंतीकडेच्या खुर्चीवर. हवापाणी विचारा, 'हं'. मुलगी कशी आहे विचारा, 'बरी'. पण शेजारी कुणी म्हणालं की आमचं छत गळतंय, की ते खांद्यावरच्या कापडी पिशवीतून तळहाताएवढा एक करडा तुकडा काढायचे आणि त्या माणसाच्या हातात द्यायचे. "मोडा," एवढंच म्हणायचे. माणूस दोन्ही हातांनी जोर लावायचा, गुडघ्यावर ठेवून दाबायचा, शेवटी ओशाळं हसायचा. तुकडा वाकायचा पण मोडायचा नाही, आणि वजन म्हणाल तर पोस्टाच्या पाकिटाएवढं. झालं, बळवंतरावांचं भाषण संपलं. पटलं तर पटलं, नाही तर बसा पावसाळाभर बादल्या लावत.

तो तुकडा फायबरचा. फायबरग्लास म्हणायला ते कंटाळायचे, नुसतं फायबर म्हणायचे. त्यांचे वडील अण्णासाहेब अलिबागकडून स्वातंत्र्यानंतर दिल्लीत आले, केंद्र सरकारच्या नोकरीत चिकटले आणि सरकारी क्वार्टरमध्येच निवृत्त झाले. मुलानंही कुठल्या तरी मंत्रालयात टेबल धरावं ही त्यांची इच्छा. मुलानं काय करावं? एकोणीसशे एकोणसत्तरमध्ये फरीदाबादच्या एका कारखान्यात नोकरी धरली, जिथं काचेच्या धाग्यांना चिकट रस पाजून कूलरच्या पेट्या बनवत. अण्णासाहेब महिनाभर बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हा म्हणाले, की टिपणिसांच्या सात पिढ्यांनी लेखणी चालवली आणि तू केसांना डिंक लावत बसणार. बळवंतराव त्यावरही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शटल गाडीनं फरीदाबादला गेले, ते पुढची तीस वर्षं त्याच कारखान्यात राहिले. लग्न झाल्यावर घरच तिकडे केलं.

अण्णासाहेब तसे फारसे चुकले नव्हते म्हणा. काम दिसायला तसंच आहे. केसांहून बारीक काचेच्या धाग्यांची गोधडीसारखी जाड मॅट अंथरायची. मधासारख्या दाट रेझिनमध्ये मापानं हार्डनर घालायचा, ढवळायचं, आणि ते मॅटमध्ये ब्रशनं मुरवायचं. मग दातेरी लोखंडी रूळ फिरवून आतला हवेचा एकेक बुडबुडा बाहेर काढायचा. तासाभरात सगळं घट्ट. ना भट्टी, ना जाळ. आणि मग ना पाणी आत जातं, ना गंज चढतो, ना वाळवी लागते. बळवंतरावांनी कूलर केले, हेल्मेटं केली, न्हाणीचे टब केले, तलावात फिरायच्या होड्या केल्या. होडी करताना त्यांच्या डोक्यात आलं, की जी वस्तू बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, ती उलटी करून घरावर घातली तर काय बिघडलं?

शहाऐंशी साली त्यांनी स्वतःच्या घरावर ते करून पाहिलं. दिल्लीच्या सपाट गच्च्यांचं दुखणं तुम्हाला ठाऊक असेलच. वर मातीचा थर, त्यावर विटांच्या टाइला, टाइलांच्या सांध्यात सिमेंट. मे महिन्यात तापून सांधे उघडतात, जुलैत पाणी आत. डांबर घातलं तर उन्हात पाघळून चपलेला चिकटतं आणि थंडीत तडकतं. बळवंतरावांच्या गच्चीला सांधाच नव्हता. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत एकच पत्रा, कोपऱ्यात वळून भिंतीवर वीतभर चढलेला, वर पांढरा लेप. खालची खोली उन्हाळ्यात जरा तरी थंड राहायला लागली. त्यांच्या बायकोनं, सरलाताईंनी, ती लख्ख गच्ची पाहिली आणि चौथ्या दिवशी त्यावर सरळ वर्षाच्या कुरडया घातल्या. नव्या फायबरला महिनाभर वास येतो हे नवऱ्यानं सांगितलंच नव्हतं. पुढं वर्षभर कुरडई तळली की स्वयंपाकघरात कारखाना अवतरायचा. सरलाताई संतापल्या, की अहो, एक शब्द बोलला असतात तर जीभ झिजली असती का? बळवंतराव 'हं' म्हणाले आणि वर्षभर त्या कुरडया मुकाट्यानं खाल्ल्या.

निवृत्त झाल्यावर ते जुन्या दोन कारागिरांना घेऊन ओळखीपाळखीत गच्च्या करू लागले. आणि दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत सरलाताईंनी त्यांच्यापुढे लतिकाबाईंचं घर आणून ठेवलं.

लतिका अमोलिक मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती घरातल्या. चोपन्न साली तेविसाव्या वर्षी नर्स म्हणून दिल्लीत आल्या आणि हिंदूरावच्या इस्पितळात जन्म काढला, शेवटी मेट्रन झाल्या. लग्न केलं नाही. करोल बागेत एका जुन्या घराचा तिसरा मजला, म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि वरची गच्ची, त्यांनी नोकरीत असतानाच स्वतःच्या नावावर घेतला होता. गल्लीत त्यांना कुणी लतिका म्हणत नसे, सगळ्यांच्या त्या सिस्टर. कुणाला इंजेक्शन द्यायचं असो, कुणाचं बाळ दूध ओढत नसो, माणसं तीन जिने चढून यायची. सरलाताईंचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा रात्रभर हात धरून बसल्या होत्या त्या याच. म्हणून सरलाताईंनी नवऱ्याला सांगितलं, की हे काम तुम्ही करायचंच, आणि चांगलं करायचं.

काम साधं नव्हतं. बाईंचं छत म्हणजे लोखंडी गर्डरांवर टाकलेल्या दगडी फरश्या. गळायला लागलं की मिस्त्री यायचा आणि वर आणखी एक थर घालून जायचा. असे तीन मिस्त्री, तीन थर झाले आणि गर्डर वाकायला लागले. शेवटी आलेल्या इंजिनिअरनं हात टेकले. म्हणाला, यावर आता एक घमेलंसुद्धा ठेवू नका, आणि गळती थांबली नाही तर गर्डर गंजून हे खाली येईल. बाईंचा भाचा श्रीरंग नगरला शाळेत शिक्षक. तो दर सुट्टीत यायचा आणि विनवायचा, की आत्या, आता चल. जानेवारीत बाई जिन्यात पडल्या आणि सकाळी दूधवाल्याला सापडल्या, तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता. बाई ऐकेनात. शेवटी दोघांत ठरलं, की हे शेवटचं छत. मार्चमध्ये तो आठ दिवसांची रजा काढून येणार. छत टिकलं तर बाई करोल बागेत, गळलं तर त्याच्याबरोबर नगरला, कायमच्या. बाईंनी शब्द दिला होता, आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

बळवंतरावांनी गच्ची पाहिली, पायानं ठोकली, कठड्याला हात लावला आणि पिशवीतला तुकडा बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो मोडायचा प्रयत्नच केला नाही. तळहातावर तोलून म्हणाल्या, "एवढंसं वजन? मग घाला."

आधी तीन मिस्त्र्यांची पुण्याई खाली उतरवावी लागली. माती, विटा, चुना, सगळा मलबा पोत्यांत भरून तीन जिने उतरवता उतरवता मजूर घामाघूम झाले. गल्लीच्या तोंडाशी ट्रक भरून गेला. छत उघडं पडलं तेव्हा गर्डरांनी जणू श्वास सोडला. मग गंज घासला, दगडांच्या फटी भरल्या, उतार देण्यापुरता बोटभर गिलावा केला आणि तो तीन आठवडे कडकडीत वाळू दिला. त्यानंतर सगळं नवं छत वर कसं आलं म्हणता? मॅटच्या गुंडाळ्या खांद्यावर आणि रेझिनचे कॅन हातात, तीन माणसं, सकाळच्या चार फेऱ्या. बाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. त्यांचा विश्वासच बसेना, की जे खाली गेलं त्याची जागा हे घेणार.

मार्चमधला गुरुवार होता, आभाळ जरा भरलेलं. बळवंतरावांनी पूर्वेकडून सुरुवात केली आणि मागं हटत हटत दुपार टळेतो पश्चिमेच्या कठड्याला आले. गार हवेत रेझिन आळसावतं. शेवटचा पट्टा साडेचारला घातला तेव्हा तो अजून ओला चकचकीत होता. गारवा असला तरी दोन-तीन तासांत धरेल, त्यांनी अंदाज केला. शटलची वेळ झाली होती. हात पुसले, पिशवी उचलली, दारातून म्हणाले, "उद्या येतो," आणि गेले.

आता बाईंच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, की नवं छत पडलं की त्याला पाणी मारायचं. सिमेंटला पाणी पाजलं नाही तर ते तडकतं. मिस्त्री जाताना बजावून जातो, की बहेनजी, तराई में कमी मत करना. ज्या घरावर नवं काम झालं त्या घरची बाई संध्याकाळी पाइप घेऊन गच्चीवर, हे इथल्या गल्लीगल्लीत दिसतं. हा मिस्त्री पाण्याचं काहीच न बोलता गेला. बाईंना वाटलं, मराठी माणूस, भिडस्त, म्हाताऱ्या बाईला कामाला कसं लावायचं म्हणून बोलला नसेल. मग त्या एकाहत्तराव्या वर्षी वर गेल्या, टाकीच्या नळाला पाइप लावला आणि ताज्या फायबरवर मनसोक्त पाणी मारलं. एवढ्यावर थांबत्या तरी थोडक्यात निभावलं असतं. पण कामात कुचराई करायची सवय नव्हती. मलब्याची रिकामी पोती पडली होती, ती भिजवली आणि ओल राहावी म्हणून पश्चिमेच्या बाजूला एकाला एक लावून नीट अंथरली.

शुक्रवारी सकाळी बळवंतराव गच्चीच्या दारात आले आणि तिथंच थिजले. पोती इस्पितळातल्या पलंगांसारखी ओळीनं लागली होती. त्यांनी एक पोतं उचललं. त्याबरोबर मॅटचे धागे सुटून आले, आणि खालचं फायबर नासलेल्या दुधासारखं पांढरं फटक. सुकण्याआधी पाणी लागलं की रेझिन मरतं. एक तृतीयांश गच्ची मेली होती. ते मटकन कठड्यावर बसले. मागून बाई धापा टाकत वर आल्या, कपाळावर घाम, आणि त्यांचा चेहरा बघून घाबरून म्हणाल्या, "का हो बळवंतराव, पाणी कमी पडलं का?"

बळवंतरावांनी पोतं खाली ठेवलं. राग कुणावर काढणार? बाईंच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर सांगायचं, की बाई, तुमचं घर तुम्ही स्वतःच्या हातानं बुडवलंत. ते म्हणाले, बघतो. बाई निमूटपणे खाली चहा ठेवायला गेल्या.

आणि नेमका त्याच दुपारी श्रीरंग येऊन थडकला. बॅग ठेवून वर आला, पांढरी पडलेली गच्ची पाहिली, बळवंतरावांचा चेहरा पाहिला आणि त्यांना कोपऱ्यात घेऊन विचारलं. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. वाईट मुलगा नव्हता तो, आत्यानं त्याची फी भरून त्याला शिकवलेलं, तिच्यासाठी त्याचा जीव तुटत होता. खाली ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलला.

"काका, मग जमलं नाही असंच सांगून टाका. तुमच्या एका शब्दावर ती माझ्याबरोबर येईल. परत जिन्यात पडली आणि कुणाला कळलंच नाही, तर?"

त्यात खोटं तरी काय होतं? जमलं नव्हतंच. बळवंतराव पिशवी उचलून स्टेशनवर गेले आणि शटलच्या खिडकीशी बसून फरीदाबादपर्यंत स्वतःशी भांडले. मुलगा बरोबर बोलत होता. त्या तीन जिन्यांना म्हातारपणी कोण पुरं पडणार? गप्प राहिलं की झालं, आणि गप्प राहणं तर आपल्याला आयुष्यभर जमत आलंय. पण डोळ्यांपुढून ती पोती हलेनात. त्यांचं गप्प राहणं म्हणजे ती बाई नगरला बसून मरेपर्यंत म्हणणार, की मीच पाणी मारलं, माझ्याच हातानं गेलं.

घरी आल्यावर एक नवल घडलं. जेवणाच्या ताटावर बळवंतरावांनी बायकोला सगळं सांगितलं, न विचारता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सरलाताईंच्या हातातली पोळी हातात राहिली. बत्तीस वर्षांत या माणसानं सलग इतकं बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"अहो, पण पाणी मारायचं नाही, हे तुम्ही त्यांना सांगितलं होतंत का?"

बळवंतरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला. कारखान्यात कुणाला सांगावं लागत नसे, तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. आणि बाहेर त्यांनी कधी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. ते ताटावरून उठले, हात धुतले आणि पॉलिश पेपरची गुंडाळी, घासायचं मशीन आणि उरलेली मॅट दाराशी आणून ठेवली.

शनिवारी सकाळी ते बाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. श्रीरंग आत चहा पीत होता. बळवंतराव म्हणाले, "सिस्टर, याला पाणी मारायचं नसतं. ओलं असताना पाणी लागलं की हे खराब होतं. ते मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चूक माझी आहे, तुमची नाही. दुरुस्त होतं ते. मी करतो."

बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला. हातातलं भांडं त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि पदरानं डोळे टिपले. मग जुनी मेट्रन जागी झाली. म्हणाल्या, की वॉर्डमध्ये नातेवाइकानं पेशंटला भलतंच खायला घातलं, तर मी नातेवाइकाला नाही, नवीन पोरींना झापायची. सांगितलं नाहीत तर त्याला कळणार कसं? "चला, आता मला सगळं नीट सांगा." श्रीरंगनं कप खाली ठेवला आणि बळवंतरावांकडे पाहिलं. रागानं नाही, पण पाहिलं.

पुढचे दोन दिवस बळवंतराव बोलले. आता हे लिहिताना आपल्यालाही खरं वाटत नाही, पण बोलले. बाई गच्चीवर खुर्ची टाकून, तोंडाला रुमाल बांधून बसल्या आणि प्रश्न विचारत राहिल्या, आणि ते खराब भाग घासून काढता काढता उत्तरं देत राहिले. काचेची भुकटी अंगाला खाजते, हात चोळू नका, गार पाण्यानं धुवा. मेलेलं तेवढं काढायचं, चांगल्याला धक्का लावायचा नाही. चांगल्याची कड घासून पातळ करायची आणि नवी मॅट तिच्यावर वीतभर चढवायची, म्हणजे नवं जुन्यात मुरतं. सिमेंटला ठिगळ लावलं की ठिगळाच्या कडेनं गळतं, याला ठिगळ दिसतसुद्धा नाही. बाईंनी विचारलं, की हे उन्हानं फाटणार नाही का? त्यांनी सांगितलं, वरचा लेप उन्हासाठीच असतो, पाच-सात वर्षांनी तो तेवढा पुन्हा मारायचा, बास. यावर चालता येईल का? खुशाल चाला, खुर्ची टाका, फक्त टोकदार काही आपटू नका. बाई म्हणाल्या, अच्छा, म्हणजे पेशंट धडधाकट आहे, फक्त पहिला दिवस सांभाळायचा. बिल्कुल, बळवंतराव म्हणाले, आणि चक्क हसले.

सोमवारी ऊन चांगलं होतं. नवी मॅट सकाळीच घातली. त्या दिवशी बाई संध्याकाळपर्यंत गच्चीच्या दारातून हलल्या नाहीत. शेजारीण आपल्या गच्चीवर, कठड्याशी ओले कपडे झटकायला आली, तिला त्यांनी पलीकडे पिटाळलं. टाकीचा नळ तर चिंधीनं बांधूनच ठेवला होता. मंगळवारी पांढरा लेप चढला. बुधवारी सकाळी बळवंतरावांनी बाईंना बोलावलं आणि म्हणाले, नवं कुठं संपतं आणि जुनं कुठं सुरू होतं ते शोधा. चाळीस वर्षं कातडीखालची शीर शोधणाऱ्या बोटांनी बाईंनी ती गच्ची चाचपली, पुन्हा चाचपली. सांधा सापडला नाही.

राहिली परीक्षा. अशा छताची परीक्षा एकच असते. पन्हाळीचं तोंड बोळा कोंबून बंद करायचं, गच्चीत दोन बोटं पाणी भरायचं आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. पूर्वीचं छत असतं तर या पाण्याच्या वजनानंच धडकी भरली असती. पण मलबा उतरल्यानंतर गर्डरांना हे म्हणजे काहीच नव्हतं. बुधवारी दुपारी बाईंनी स्वतः पाइप धरला. बळवंतराव म्हणाले, आता मारा किती मारायचं ते पाणी.

ते दोन दिवस श्रीरंगनं छतावरची नजर काढली नाही. शाळेत निकालपत्रकं तपासावीत तसा तो तासातासाला वर बघायचा. डोक्यावर दोन बोटं पाणी आणि खाली बाई नेहमीसारख्या. गुरुवारी कुणाचं तरी ब्लडप्रेशर पाहिलं, कुणाच्या तरी पोराच्या गुडघ्याला पट्टी बांधली. तीन जण येऊन गेले आणि तिघंही सिस्टरजी म्हणाले. श्रीरंग कोपऱ्यात बसून ऐकत होता.

शुक्रवारी सकाळी बळवंतराव आले. श्रीरंग स्टुलावर चढला, तळहात छताला लावला, स्टूल सरकवलं, पुन्हा लावला. चारही कोपरे झाले. मधला गर्डर झाला. छत कोरडं ठणठणीत होतं. तो खाली उतरला नाही. स्टुलावरच उभा राहून, भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आत्या, मी काकांना खोटं बोलायला सांगितलं होतं. छत गेलं म्हणून सांगा, असं. तू परत पडलीस तर, या भीतीनं."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. बळवंतरावांना वाटलं, आपण बाहेर जावं. पण त्या बोलल्या त्या दोघांनाही.

"जानेवारीत मी पडले ना, तेव्हा पहाट झाली होती. दूधवाला यायला दीड तास होता. खालच्या मजल्यावर माणसं होती, हाक मारली असती तर लगेच आली असती. मी मारली नाही. पाय इतका ठणकत होता, तरी तोंडावर हात दाबून बसले. म्हटलं, कळलं तर श्रीरंग येईल आणि मला इथून घेऊन जाईल."

श्रीरंग स्टुलावरून उतरला, आणि त्याला आपलं तोंड कुठं लपवावं कळेना. तिला वाचवायला जो इतका आटापिटा केला, त्याच आटापिट्याच्या भीतीनं ती दीड तास अंधारात गप्प बसली होती. बळवंतरावांचेही डोळे भरून आले. आपण त्या शनिवारी गप्प राहिलो असतो तर काय झालं असतं, हे त्यांना आता कळलं. श्रीरंग आत्याच्या पायाशी जमिनीवर बसला आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, "इथंच राहा. मी नाही नेणार. पण आता पडलीस तर हाक मारशील?"

"आता मारीन," बाई म्हणाल्या.

बळवंतराव वर गेले आणि पन्हाळीचा बोळा काढला. दोन दिवसांचं पाणी खळखळत गल्लीत उतरलं. श्रीरंगनं दुसऱ्या दिवशीच्या गाडीची दोन तिकिटं आणली होती, त्यातलं एक तो स्टेशनवर परत करून आला.